बाराच्या उन्हात कोणती लेन्स?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण सगळ्या मराठवाड्याला पाठ आहे. ती कशावरून पडली यावर दहा मतं निघतील, पण फिल्मच्या कॅमेऱ्याला ती जशी चपखल बसते तशी दुसऱ्या कशालाच बसत नाही. खटका दाबला, रोल पुढे सरकवला. फोटो साधला की बोंबलला हे रोल धुवून आल्यावरच कळणार. आणि याच परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, जुन्या लेन्सची हाडं मोडून परीक्षा घेणारं एक गाव आहे. चारठाणा.

इथे एके काळी तीनशे साठ मंदिरं होती असं गावात सांगतात. आकडा बाजूला ठेवा. जे उरलंय तेच कॅमेरावाल्याला दिवसभर पुरतं: गोकुळेश्वराचं मंदिर, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी बारव, उघड्यावर ताठ उभा असलेला कोरीव मानस्तंभ. सगळं काम काळ्या दगडात. म्हणजे समोर काळाकुट्ट बेसॉल्ट, मागे पांढरंफटक आकाश आणि डोक्यावर मे महिन्याचा सूर्य. खिडकीतल्या गुलाबाचा फोटो काढून अमुक लेन्स भारी आणि तमुक भिकार ठरवणं सोपं असतं. इथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. तर जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या नामांकित लेन्स एकेक करून या उन्हात उभ्या करू.

सोळाचा पाढा

जुन्या फोटोग्राफरच्या झोळीत लाइट मीटर असेलच असं नाही, पण डोक्यात एक हिशेब पक्का असायचा. लख्ख ऊन असेल तर लेन्स एफ/१६ ला लावायची (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं तोंड बारीक) आणि फिल्म जेवढ्या एएसएची, म्हणजे जेवढी संवेदनशील, तेवढ्याच वेगाचं शटर धरायचं. १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. झालं! चारठाण्याच्या दुपारी हा पाढा डोळे मिटून म्हणावा.

आता हाच पाढा उलटा म्हणा. एफ/१.४ ची लेन्स म्हणजे हौशी माणसाचा अभिमान, चारचौघांत काढून दाखवायची वस्तू. एफ/१६ पासून एफ/१.४ पर्यंत सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट होतो. सातव्या पायरीला तो १२८ पट. म्हणजे शटर हवं सेकंदाच्या बारा हजार आठशेव्या भागाचं! लायका एम३ चं शटर हजारावर थांबतं. १९८२ साली आलेल्या निकॉन एफएम२ चं चार हजारांवर. थोडक्यात, जिच्यासाठी सगळ्यात जास्त पैसे मोजले ती लेन्स चारठाण्यात भरदुपारी पूर्ण उघडताच येत नाही. ती एफ/८ किंवा एफ/११ ला बंद करावी लागते, आणि एफ/८ ला बंद केल्यावर साध्या आणि श्रीमंत लेन्समधला फरक पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर शोधून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.

फक्त एक दुरुस्ती. पाढा उन्हातल्या साधारण रंगाच्या वस्तूंसाठी आहे. काळ्या दगडातली नक्षी, त्यातही सावलीतली, फिल्मवर उतरवायची तर एक-दीड पायरी जास्त उघडावं लागतं. मीटरवर विसंबलात तर तो काळ्या दगडाला राखाडी करायला जातो आणि आकाशाची वाट लावतो.

तोफखान्याचे हिशेबनीस

फोटोग्राफी जाहीर झाली १८३९ साली. तेव्हाच्या शेवालिएच्या लेन्सचं तोंड एफ/१५ च्या आसपास. चेहऱ्याचा फोटो काढायचा तर माणसाला उन्हात मिनिटं मिनिटं पुतळा होऊन बसावं लागे. व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी ठरवलं की लेन्स ठोकून-घासून नाही, आधी कागदावर आकडेमोड करून बनवायची. आकडेमोड एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. तेव्हा ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुख आर्चड्यूक लुडविग यांनी हिशेबात तरबेज असलेले गोलंदाज मदतीला दिले. तोफगोळा कुठे पडेल याचं गणित करणारे जवान, प्रकाशाचा किरण कुठे पडेल याचं गणित करू लागले!

१८४० मध्ये एफ/३.६ ची लेन्स तयार झाली. आधीच्यापेक्षा सोळापट उजेड. पुतळा होऊन बसण्याचा काळ मिनिटांवरून सेकंदांवर आला आणि जगभर फोटो स्टुडिओ हा धंदा उभा राहिला. पेट्झवालना मात्र फोइग्टलेंडर कंपनीकडून एकरकमी मोबदला मिळाला आणि जन्माचं भांडण.

या लेन्सचा मधला भाग चाकूसारखा धारदार आणि कडा भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. स्टुडिओत ते चालून गेलं, कारण कडेला पडदाच असायचा. चारठाण्याच्या स्तंभासमोर ही लेन्स लावलीत तर स्तंभाचा मध्य सुरेख येईल, बाकीचं मंदिर मात्र गरगरेल. दुपारच्या परीक्षेत नापास. गावातल्या फेटेवाल्या आजोबांचा फोटो मंदिराच्या ओसरीत काढायचा असेल तर पहिला नंबर.

खांब सरळ आहे, फोटोत का झुकला?

परभणी एके काळी निजामाच्या राज्यात होतं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांना निजामांनी ‘राजा’ किताब दिला. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद ही ठिकाणं त्यांच्या भल्यामोठ्या काचेच्या प्लेटांवर उतरली आहेत. त्या प्लेटांमध्ये खांब उभेच्या उभे, भिंती ओळंब्यात. आपण मोबाइल वर करून मानस्तंभाचा फोटो काढतो तेव्हा तो मागे रेलून बसल्यासारखा दिसतो. असं का?

त्या काळच्या इमारतींच्या फोटोंमागे दोन गोष्टी असत. पहिली, सममितीची लेन्स. १८६६ मध्ये लंडनच्या जॉन हेन्री डालमायर यांनी ‘रॅपिड रेक्टिलिनियर’ काढली आणि त्याच वर्षी म्युनिकच्या श्टाइनहाइल यांनी जवळजवळ तशीच ‘अप्लानाट’. दोघांनी एकमेकांची नक्कल केली म्हणून भांडूनही घेतलं. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा भाग आरशातल्या प्रतिमेसारखे. पुढच्याने रेघ जेवढी वाकवली तेवढी मागचा परत सरळ करतो. दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याची पाठ जमिनीशी काटकोनात ठेवून फक्त लेन्सची फळी वर सरकवायची. कॅमेरा मान वर करत नाही, म्हणून खांब मागे झुकत नाही.

काळ्या कापडाखाली डोकं घालून वापरायचे ते लाकडी कॅमेरे आपल्याकडेही बनत. केरळात अलप्पुळ्याला ‘वागेश्वरी’ नावाचे सागवानी कॅमेरे १९४० च्या दशकापासून तयार होऊ लागले आणि देशभरच्या स्टुडिओंत पोहोचले. सांगाडा आपला, लेन्स मात्र बहुतेक परदेशी.

३५ मिलिमीटर कॅमेऱ्यात फळी सरकत नाही. निकॉनने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकणारी ३५ मिलिमीटरची पीसी-निकॉर काढली, पण ती स्वस्त नव्हती. गरिबाचा उपाय फुकट आहे: मागे जा. आणखी मागे जा. आणि १३५ मिलिमीटरची लेन्स लावा. जुन्या बाजारात १३५ ला कुणी विचारत नाही. ताकुमार १३५ एफ/३.५ घ्या, रशियन ज्युपिटर-११ घ्या. सगळे ५० मिलिमीटरच्या मागे धावत असतात तेव्हा या बिचाऱ्या धूळ खात पडलेल्या असतात. दुरून घेतल्यावर स्तंभाच्या माथ्यावरची नक्षी जवळ येते आणि खांबही ताठ राहतो. चारठाण्यापुरतं बोलायचं तर माझ्या मते हीच सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी लेन्स.

मळकी लेन्स चांगली निघाली

हा किस्सा मला सगळ्यात आवडतो. इंग्लंडमधल्या यॉर्क गावात टी. कुक अँड सन्स ही दुर्बिणी बनवणारी कंपनी. तिथल्या हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी १८९३ साली तीन काचांत भागणारी लेन्स काढली. कंपनीने सांगितलं, आपण दुर्बिणीवाले, कॅमेऱ्याच्या भानगडीत कशाला पडायचं? मग ती लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीने बनवायला घेतली. त्या दोन टेलरांशी या टेलरचं काहीच नातं नाही! लेन्सला नाव मात्र पडलं नको म्हणणाऱ्या कंपनीचं: कुक ट्रिपलेट.

याच टेलर साहेबांच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं हवा खाऊन ज्यांच्या काचेवर निळसर-करडा डाग धरला आहे अशा जुन्या लेन्समधून नव्याकोऱ्या लेन्सपेक्षा जास्त उजेड आत जातो. लोक डागाकडे संशयाने पाहत होते आणि तो डागच लेन्सचं भलं करत होता! डागाचा तो पातळ थर काच आणि हवा यांच्या मधल्या गुणाचा असतो, म्हणून काचेवरून परावर्तन कमी होतं. पुढे लेन्सवर मुद्दाम चढवला जाणारा लेप, ज्याला आपण कोटिंग म्हणतो, त्याची ही सुरुवात. ती शास्त्रशुद्ध रीतीने साधली १९३५ साली झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी, आणि युद्ध तोंडावर असल्याने ती विद्या काही वर्षं लपवून ठेवली गेली.

चारठाण्याला याचं काय? सगळं काही. लेप नसलेल्या काचेचा हवेला लागलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो. एकमेकींना चिकटवलेल्या काचा मिळून एक गट. तीन गट असलेल्या लेन्समध्ये असे सहा पृष्ठभाग, चार गटांच्या लेन्समध्ये आठ. आठ पृष्ठभागांतून जाताना चौथ्या हिश्श्याहून जास्त उजेड वाटेतच गळतो. गळला तर गळला, पण तो गपगुमान जात नाही. आतल्या आत उड्या मारत फिल्मवर धुक्यासारखा पसरतो. मागे पांढरं आकाश आणि पुढे काळा दगड असला की हे धुकं नेमकं दगडाच्या काळ्या भागावर बसतं आणि नक्षी राखेत बुडवल्यासारखी दिसते. फोटोग्राफर त्याला फ्लेअर म्हणतात; माझ्या माहितीतले एक स्टुडिओवाले काका ‘लेन्सला मोतीबिंदू’ म्हणायचे.

म्हणूनच झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांची १८९६ ची प्लानार, सहा काचांची, गणिताने अव्वल, जवळजवळ चाळीस वर्षं अडगळीत पडली. धुकं फार. कोटिंग आलं आणि तीच प्लानार रोलायफ्लेक्स आणि हॅसलब्लाड कॅमेऱ्यांवर राणीसारखी बसली. मधल्या काळात लुडविग बेर्टेले यांनी १९३० च्या दशकात सोनार काढून वेगळीच युक्ती केली: सात काचा एकमेकींना चिकटवून तीनच गट केले. एफ/१.५ चा उजेड, पृष्ठभाग फक्त सहा. बिनलेपाच्या जमान्यात ही खरी हुशारी.

तेव्हा जुनी, बिनलेपाची लेन्स घेऊन चारठाण्याला निघालात तर आधी लेन्सच्या काचा नाही, गट मोजा. आणि लेन्सवर सावली धरणारं हूड लावा. हूड नसेल तर टोपी धरा.

गरुडाचा डोळा आणि त्याची पिल्लावळ

रुडॉल्फ यांनीच १९०२ साली चार काचांची टेसर आणली. झाइसने तिची जाहिरात ‘कॅमेऱ्याचा गरुडडोळा’ म्हणून केली. जाहिरातींत खोटेपणा फार असतो, पण या बाबतीत कंपनीने कमीच सांगितलं असं वाटतं. फोटोग्राफीच्या इतिहासात एवढी नक्कल क्वचितच दुसऱ्या लेन्सची झाली असेल. लायकाची पहिली मोठी लेन्स एलमार ५० एफ/३.५ याच घराण्यातली. रशियाची इंडस्टार-५० तीच. आणि आपल्या गावोगावच्या लग्नांचे अल्बम जिने भरले त्या यॅशिका-मॅटवरची यॅशिनॉन ८० मिलिमीटर एफ/३.५, तीही तीच.

यॅशिकावर जरा थांबू. दोन डोळ्यांचा, कमरेशी धरून वरून खाली पाहायचा तो कॅमेरा. समोरचा माणूस डावीकडे सरकला तर पडद्यावर तो उजवीकडे पळतो. नवशिक्याची पहिली पाच मिनिटं स्वतःभोवती फिरण्यात जातात. १२० चा रोल, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे लग्नात मुंडावळ्या, अंतरपाट, सप्तपदी, सासू-सासरे अशी यादी आधीच ठरलेली आणि मामाच्या मुलाच्या मित्राने ‘आमचाही एक काढा’ म्हटलं की रोल न हलवता नुसता फ्लॅश उडवायचा! तो मित्र आजही अल्बममध्ये स्वतःला शोधत असेल.

आता मुख्य सवाल. जर्मन रोलायफ्लेक्सची टेसर आणि जपानी यॅशिकाची यॅशिनॉन, दोन्ही चारठाण्याच्या बारवेवर, १०० ची फिल्म, एफ/११, शटर २५०. फरक? रोलायचं यंत्र जास्त मऊ चालतं, चावी फिरवताना हाताला सुख मिळतं, आणि विकायला काढली तर भाव येतो. फोटोत? हूड दोघींना असेल तर काही नाही. हे वाक्य वाचून रोलायवाले रागावतील, त्यांनी एफ/३.५ ला उघडून कोपरे दाखवावेत, तिथे ते जिंकतील. पण बाराच्या उन्हात एफ/३.५ ला उघडतो कोण?

रशियाची ल्युबितेल-२ याच वर्गातली सगळ्यात स्वस्त. तीन काचांची लेन्स, एफ/४.५, अंग बेकलाइटचं. मोठं उघडलं की कोपरे विरघळतात, एफ/११ ला मात्र ती पोरगी अचानक शहाणी होते.

नावांची गंमत, पटापट

लायकाच्या लेन्स रचणारे माक्स बेरेक कुत्र्यांचे शौकीन. त्यांच्या एका कुत्र्याचं नाव हेक्टर, म्हणून एका लेन्सचं नाव हेक्टर. दुसरा रेक्स, म्हणून सुमारेक्स.

पेंटॅक्सच्या ताकुमारला नाव मिळालं ताकुमा काजिवारा यांच्यावरून. ते छायाचित्रकार आणि चित्रकार, कंपनीच्या संस्थापकांचे भाऊ.

रशियाचा फेड कॅमेरा सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांच्या नावातल्या आद्याक्षरांचा. खार्किवच्या श्रमवसाहतीत बेघर मुलांच्या हातून तो १९३४ पासून बनू लागला.

कॅनन आणि निकॉन यांची आज साप-मुंगसाची जोडी. पण कॅननचा विक्रीला आलेला पहिला कॅमेरा, १९३६ चा हान्सा कॅनन, त्यावर लेन्स होती निकॉर!

जर्मनीची फाळणी झाली तशी झाइसचीही झाली. नावावरून कोर्टकज्जे चालले, तेव्हा पूर्व जर्मनीने पश्चिमेत विकायच्या लेन्सवर ‘टेसर’ न लिहिता नुसतं ‘टी’ कोरलं, ‘बियोटार’ऐवजी ‘बी’, आणि कंपनीच्या नावाजागी गावाचं, ‘येनाहून’. बाजारात अशी लेन्स मिळाली तर बनावट समजू नका.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स वापरत. टोपणनाव ‘डालडा १३’. जन्म १९१३ चा, भावी नवरा भेटला तेराव्या वर्षी आणि गाडीचा नंबर डीएलडी १३!

राजगुरूचा डोळा

लेन्स नुसती दाखवत नाही, धडकी भरवू शकते हे मराठी माणसाने १९३४ साली पाहिलं. प्रभातच्या ‘अमृतमंथन’ चित्रपटात व्ही. शांताराम यांनी राजगुरू या पात्राचा नुसता डोळा पडदाभर दाखवला, तो टेलिफोटो लेन्सने. साध्या लेन्सने एवढं जवळ जायचं तर कॅमेराच नाकाला टेकतो, उजेड अडतो आणि चेहरा फुगीर दिसतो. दूर उभं राहून लांब पल्ल्याची लेन्स लावली की डोळा तेवढा सुटा होतो. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यासमोर वाटाण्याचा वेल ठेवून अंकुर वाढताना दाखवला होता. एकाने वेळ जवळ आणला, दुसऱ्याने अंतर.

भोवरा पाहायचा तर पाच वाजता या

झेनिट कॅमेरा आणि त्यावरची हेलिओस-४४, ५८ मिलिमीटर, एफ/२. झाइसच्या बियोटारची सोव्हिएत आवृत्ती. हल्ली तरुण मंडळी ही लेन्स अडॅप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर चढवतात, कारण मागची झाडं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. गंमत अशी की हा रचनेतला दोष. कडेच्या उजेडाचे ठिपके गोल न राहता मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात आणि मध्याभोवती फेर धरतात.

हा फेर धरायला तीन गोष्टी लागतात: लेन्स एफ/२ ला उघडी, विषय जवळ, मागे पानांतून गळणारा उजेड. झेनिट-ईचं शटर ५०० च्या पुढे जात नाही, म्हणजे दुपारी एफ/८. फेर बंद. संध्याकाळी मात्र बारवेच्या पायरीवर माणूस बसवा, मागे झाड येऊ द्या, आणि हेलिओस उघडा. दुपारी जी लेन्स इतर चारचौघींसारखी होती ती आता एकदम रंगात येते. झेनिटच्या कपाळावरच्या मीटरला बॅटरी लागत नाही, तो सेलेनियमवर चालतो. पण पन्नास वर्षांनी बहुतेक मीटर निवृत्त झालेत. सोळाचा पाढा म्हणा.

पिवळी पडली? उन्हात ठेवा

सुपर-ताकुमार ५० एफ/१.४ च्या काही काचांत थोरियम घातलेलं आहे. तेच थोरियम, ज्याच्या केरळच्या वाळूतल्या साठ्यावर आपला अणुकार्यक्रम आस लावून बसलाय. त्याने काच प्रकाशाला जास्त वाकवते आणि रंग कमी फाकतात. नेहमीच्या वापरात किरणोत्सर्गाची भीती नाही, पण वर्षानुवर्षं कपाटात राहिली की काच चहासारखी पिवळी होते. औषध काय? ऊन. अतिनील किरणांनी पिवळेपणा उतरतो. तळाशी चकचकीत अॅल्युमिनियमची पन्नी ठेवून लेन्स काही दिवस उन्हात ठेवायची, आणि सूर्याचा ठिपका कशावर एकवटत नाही याकडे लक्ष द्यायचं, नाहीतर औषधाऐवजी आग. हे औषध चारठाण्यात मुबलक आणि मोफत.

पण कृष्णधवल रोल वापरत असाल तर औषध घेऊच नका! पिवळी काच निळं आकाश गडद करते, ढग उठून दिसतात. लोक यासाठी वेगळा पिवळा फिल्टर विकत घेतात.

कोकणात बुरशी, मराठवाड्यात वंगण

मुंबई-कोकणातल्या जुन्या लेन्समध्ये टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत ती लेपावर पसरते आणि शेवटी काच खराब करते. मराठवाड्याची कोरडी हवा या बाबतीत लेन्सची मैत्रीण. पण तिचा दुसरा हात कडक आहे: ४४-४५ अंशांत फोकसच्या रिंगमधलं वंगण पातळ होऊन एफ-स्टॉपच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. खटका दाबला तरी लेन्स बंद होत नाही, फोटो पांढरा! जुन्या चिकटवलेल्या काचांमधला कॅनडा बाल्सम, म्हणजे झाडाचा डिंक, तोही उष्णतेने सुटू लागतो. गाडीच्या डिकीत लेन्स ठेवू नका, एवढंच.

समई आणि नासा

गाभाऱ्यात समईच्या उजेडात फोटो काढायला कोणती लेन्स? झाइसची प्लानार ५० मिलिमीटर एफ/०.७. नासासाठी बनवलेल्या, एकूण दहाच. त्यातल्या तीन स्टॅन्ली क्युब्रिक यांनी घेतल्या आणि ‘बॅरी लिंडन’मधले प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. आपल्याला मिळणार नाही. मग ४०० ची फिल्म, ट्रायपॉड आणि सेकंदभर श्वास रोखणं.

साधी ती सगळ्यात शेवटी

एके काळी बडोद्यात बनणारा अॅग्फा क्लिक-३ कॅमेरा. ऊन आणि ढग अशी चित्रं काढलेली कळ, साधीसुधी लेन्स, बारा फोटो. कोपरे मऊ, मध्य बरा. कोट्यवधी बारशी, सहली आणि घृष्णेश्वरासमोरच्या रांगा याने टिपल्या. कुठलीही स्पर्धा तो जिंकत नाही, पण चारठाण्याच्या लख्ख उन्हासाठीच जणू बनवलेला; ‘ऊन’ची कळ दाबा आणि निघा.

निकाल असा

दुपारी: यॅशिका-मॅट, एफ/११, हूडसकट. स्तंभासाठी: १३५ मिलिमीटर, जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन. संध्याकाळी बारवेत: हेलिओस. ओसरीतल्या आजोबांसाठी पेट्झवाल परवडत नाही, तर निकॉर १०५ एफ/२.५, स्टीव्ह मॅक्करी यांनी १९८४ मध्ये अफगाण मुलीचा तो प्रसिद्ध फोटो याच लेन्सने काढला. एफ/१.४ ची लेन्स घरी ठेवा, दिवाळीला काढा.

रोल मात्र दोन जास्त घ्या. जिंतूरला मिळेल या भरवशावर राहू नका. गाभाऱ्यात कॅमेरा उचलण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. आणि कोरीव कामावर ट्रायपॉडचे पाय टेकवू नका, शेजारी सपाट जमीन भरपूर आहे.